उमरखेडचा खासदार हिंगोलीचा का, आणि राज्यसभेला आपलं मत पडतं कुठे?

प्रश्न उमरखेड तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. सातबाऱ्यावर जिल्हा यवतमाळ, कलेक्टर यवतमाळचा, मग लोकसभेला मशीनवर हिंगोलीचे उमेदवार कसे? राज्यसभेच्या खासदारांना आम्ही निवडून दिलं तरी कधी? आणि एक सभागृह असताना दुसरं कशाला?

तिन्ही प्रश्नांची गाठ विधानसभा मतदारसंघात आहे. लोकसभेचा मतदारसंघ विधानसभेचे मतदारसंघ जोडून तयार होतो, आणि राज्यसभेचे खासदार विधानसभेतले आमदार निवडतात. जिल्हा, तालुका, पंचायत समिती यांचा संसदेच्या रचनेशी थेट संबंध येत नाही. एवढं पक्कं झालं की निम्मा गोंधळ मिटतो.

आधी लोकसभा. थेट निवडून येणाऱ्या जागा ५४३. त्यातल्या ८४ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव. पूर्वी अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य राष्ट्रपती नेमू शकत, ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ जागा आहेत, विधानसभेच्या २८८. भागाकार सरळ आहे: एका खासदारामागे सहा विधानसभा मतदारसंघ.

आता यवतमाळ जिल्हा बघा. यात विधानसभेच्या सात जागा आहेत: वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. सहाची मोट बांधायची म्हटल्यावर एक तरी बाहेर जाणारच. पण शेजारच्या जिल्ह्यांचेही आकडे जुळवायचे होते, म्हणून वणी आणि आर्णी चंद्रपूर लोकसभेत गेले, उमरखेड हिंगोलीत, आणि उरलेल्या चारांना वाशीम व कारंजा जोडून यवतमाळ-वाशीम मतदारसंघ झाला. म्हणजे एका जिल्ह्यात तीन खासदारांची हद्द. वाशीम जिल्ह्यातलं रिसोड अकोल्याला जोडलंय, अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी आणि धामणगाव रेल्वे वर्ध्याला, गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव गडचिरोली-चिमूरला. बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर तर थेट खानदेशातल्या रावेरला. २०२४ साली बुलढाणा मतदारसंघात मतदान २६ एप्रिलला झालं आणि मलकापूरकरांचं १३ मे रोजी. जिल्हा एक आणि मतदानाच्या तारखा दोन, हे त्यामुळेच.

विदर्भात विधानसभेच्या जागा ६२ आणि लोकसभेच्या १०. सहाने गुणलं तर ६०च होतात. उरलेले दोन म्हणजे मलकापूर आणि उमरखेड. तुमचा तालुका कुणी मुद्दाम तोडला असं नाही, हिशोबात तो उरला.

ही रचना २००८ च्या परिसीमन आदेशाची, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या आदेशाची. त्याआधी विदर्भात लोकसभेच्या ११ आणि विधानसभेच्या ६६ जागा होत्या. वाशीम, यवतमाळ आणि चिमूर हे वेगवेगळे मतदारसंघ होते. राज्याला एकूण किती जागा हे १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्याच्या आतल्या सीमा मात्र २००१ च्या लोकसंख्येवर नव्याने आखल्या गेल्या. मुंबई-ठाणे-पुण्याची लोकसंख्या फुगली, तेवढी आपली वाढली नाही, आणि आपल्या चार आमदारक्या व एक खासदारकी गेली. गावात पोरं कामाला पुण्याला जातात तेव्हा ती गावाचं राजकीय वजनही थोडंथोडं सोबत नेत असतात, हे कुणी फारसं बोलत नाही.

राखीव जागेबद्दल एक चुकीची समजूत फार जुनी आहे. अमरावती आणि रामटेक अनुसूचित जातींसाठी, गडचिरोली-चिमूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. राखीव फक्त उमेदवारी असते. मत सगळ्यांचं सारखंच. महिलांसाठी एक तृतीयांश जागा ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, तिच्या मूळ मजकुरात अंमल पुढच्या जनगणनेला आणि परिसीमनाला बांधलेला आहे. ती लोकसभा आणि विधानसभांपुरती आहे, राज्यसभेला लागू नाही.

लोकसभेला उभं राहायला वय २५ पूर्ण पाहिजे आणि देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव पाहिजे. तिथलाच रहिवासी असण्याची अट नाही. काश्मीरचे गुलाम नबी आझाद १९८० आणि १९८४ ला वाशीममधून निवडून आले, आंध्रचे नरसिंह राव १९८४ आणि १९८९ ला रामटेकमधून. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात. आणि इथेच अपक्षांचे अर्ज उडतात: सूचक गावातलाच असतो, पण गाव दुसऱ्या लोकसभेत मोडतं. उमरखेडचा सूचक यवतमाळ-वाशीमच्या अर्जावर चालत नाही. पुसद आणि उमरखेड लागून असले तरी मधली रेघ कागदावर पक्की आहे. यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मागच्या वर्षीच्या यादीतून उतरवणं ही दुसरी नेहमीची चूक, कारण यादी नवी झाली की अनुक्रमांक सरकतात.

राखीव जागेवर जात प्रमाणपत्राचा कागद सगळ्यात नाजूक. रामटेकला २०२४ साली काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराचं प्रमाणपत्र ऐनवेळी रद्द ठरलं आणि छाननीत अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून पतीचा अर्ज आधीच भरून ठेवला होता, ते पतीच पुढे निवडून आले. पक्षाच्या बी फॉर्मवर (अधिकृत उमेदवार कळवण्याच्या नमुन्यावर) पर्यायी नावाचा रकाना असतो तो यासाठीच. तो कोरा सोडणारा पक्ष नशिबावर चालतो.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त. जिंकायला मात्र निम्म्याहून जास्त मतांची गरज नाही, सगळ्यांत जास्त मतं पुरतात.

मतदाराकडून होणाऱ्या चुका वेगळ्या. हातात मतदार ओळखपत्र आहे म्हणजे मत देता येतं, हा गैरसमज. यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग नाही. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, मनरेगाचं जॉब कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटोवालं पासबुक चालतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. नवीन नावाला नमुना ६, नाव वगळायला किंवा हरकतीला नमुना ७, पत्ता बदल आणि दुरुस्तीला नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना ८ भरून ते हलवायचं असतं. नवीन म्हणून नमुना ६ भरला की दोन ठिकाणी नाव राहतं, आणि कधी कधी पडताळणीत दोन्हीकडून उडतं. वय मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी यादीत बदल होत नाही, आणि तुमच्या अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी फॉर्म बीएलओच्या (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) हातात पडला पाहिजे. आचारसंहिता लागल्यावर धावपळ करणारे बहुतेक याच दहा दिवसांत चुकतात.

मशीनवर नोटा ('यांपैकी कोणीही नाही') धरून एका बॅलट युनिटवर सोळा बटणं. उमेदवार पंधराच्या वर गेले की शेजारी दुसरं युनिट लागतं, आणि म्हातारी माणसं पहिल्याच युनिटवर नाव शोधत उभी राहतात. घरच्यांनी आदल्या दिवशीच सांगावं की आपलं नाव कितव्या मशीनवर आहे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून आत पडते. ती हातात मिळत नाही. बाहेर येऊन 'चिठ्ठी दिली नाही' म्हणून वाद घालणारे दर निवडणुकीत भेटतात.

मतदानाच्या दीड तास आधी केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर याच क्रमाने बटणं दाबून मशीन कोरं करायचं आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून वेगळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. पहाटेच्या घाईत क्लिअर राहिलं तर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मोजणीच्या दिवशी आकडा नमुना १७-क शी (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशोबाशी) जुळत नाही. असं मशीन बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. म्हणून मतदान संपल्यावर १७-क ची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीने केंद्र सोडू नये. मोजणी विधानसभानिहाय टेबलांवर होते, आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या सोडतीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या पडताळतात. म्हणजे एका लोकसभेमागे तीस.

आता राज्यसभा. घटनेत कमाल २५०, सध्या २४५: निवडून येणारे २३३ आणि राष्ट्रपतींनी नेमलेले १२. महाराष्ट्राच्या जागा १९. सदस्याची मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात आणि सभागृह कधीच विसर्जित होत नाही. महाराष्ट्रात २०२२ ला सहा, २०२४ ला सहा आणि २०२६ ला सात अशी ती पाळी. वयाची अट ३०. उमेदवार त्याच राज्याचा असावा ही अट २००३ मध्ये काढली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला.

मत फक्त विधानसभेच्या निवडून आलेल्या आमदारांना. विधान परिषदेचे आमदार राज्यसभेला मत देत नाहीत. ही गल्लत नेहमीची आहे, कारण परिषदेच्या निवडणुकीत पदवीधर आणि शिक्षक मतदार असतात आणि लोकांना वाटतं की तीच राज्यसभा. परिषद मुंबई-नागपुरात भरते, राज्यसभा दिल्लीत.

मत पसंतीक्रमाने. आमदार १, २, ३ असे आकडे लिहितो, तेही निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या पेनानेच. हरियाणात २०१६ साली भलत्या पेनाच्या खुणांमुळे मतं बाद झाली होती. मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. दाखवली नाही तर बाद, दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवली तरी बाद. अपक्षाने मात्र कुणालाच दाखवायची नाही. गंमत अशी की आपल्या प्रतिनिधीला नीट दाखवून विरोधी उमेदवाराला दिलेलं मत वैध धरलं जातं. पक्ष नंतर कारवाई करील, पण मोजणीत ते मत मोजलं जातं. नोटा इथे चालत नाही.

निवडून यायला लागणारा कोटा असा काढतात: प्रत्येक वैध मतपत्रिकेची किंमत १०० धरायची, एकूण किमतीला जागा अधिक एक या आकड्याने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांना सात उमेदवार होते. २८५ आमदारांनी मत दिलं, एक बाद झालं, उरली २८४. म्हणजे २८,४०० भागिले ७, येतात ४,०५७, अधिक एक म्हणजे ४,०५८. साध्या भाषेत ४१ आमदार.

पीयूष गोयल आणि आपल्या अमरावतीचे अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची ४८-४८ मतं पडली. सहाव्या जागेसाठी भाजपच्या धनंजय महाडिकांना २७ आणि शिवसेनेच्या संजय पवारांना ३३. साधी मोजणी असती तर पवार आले असते. पण एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात जातं, तसंच इथे आहे. ४८ मतांचे ४,८०० झाले, कोटा ४,०५८ गेला, उरले ७४२. हे ७४२ त्या ४८ मतपत्रिकांवर वाटले तर प्रत्येकीला १५ येतात, अपूर्णांक सोडतात. सगळ्या ९६ मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांची होती असं धरलं तर ९६ गुणिले १५, म्हणजे १,४४० त्यांच्याकडे वळतात. त्यांचे २,७०० आणि हे १,४४० मिळून ४,१४०, कोट्याच्या वर. पहिल्या दोघांना ४२-४२ वर न थांबवता ४८ पर्यंत नेण्यामागचं गणित हेच. पहिल्या पसंतीचं मत इकडे जास्त दिलं तरी त्याचं जादा मोल वाया जात नाही, दुसऱ्या पसंतीवर जातं. आणि पहिले दोघे कुणाच्या दगाफटक्यातही सुरक्षित राहतात.

म्हणून राज्यसभेला तुमचं मत कधी पडतं याचं उत्तर: विधानसभेच्या दिवशी. आमदार पाच वर्षांचा, राज्यसभेची पाळी दर दोन वर्षांनी, त्यामुळे उमरखेडचा आमदार त्याच्या मुदतीत दोनदा किंवा तीनदा तुमच्या वतीने दिल्लीचा खासदार निवडतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही तो मत देतो आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या त्या मताचं मूल्य १७५ असतं. आमदाराला फक्त रस्ते-नाल्यांसाठी मत देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मधेच जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, पण उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर नाही, असा नियम आहे. अकोला पश्चिम विधानसभेची २०२४ ची जाहीर झालेली पोटनिवडणूक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याच कारणावरून रद्द केली. चंद्रपूर लोकसभेत मात्र मे २०२३ च्या शेवटी जागा रिकामी झाली, मुदत वर्षाहून थोडी जास्त उरली होती, तरी २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत निवडणूक झालीच नाही. वणी-आर्णीवाल्यांना वर्षभर लोकसभेत खासदार नव्हता. नियम कागदावर स्पष्ट असला म्हणजे पाळला जातोच असं नाही.

दुसरं सभागृह कशाला, याला भंडाऱ्याचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेला हरले. ते १९५२ पासून अखेरपर्यंत संसदेत होते ते राज्यसभेमुळे. मतांच्या लाटेत जो माणूस तरत नाही पण सभागृहात असायला हवा, त्याला ही वाट आहे. हीच वाट पडलेल्या पुढाऱ्यांचं पुनर्वसन करायलाही वापरतात, हेही तितकंच खरं.

अधिकारांत दोघं बरोबरीचे नाहीत. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) राज्यसभेने १४ दिवसांत परत करायचं, नाही केलं तरी मंजूर धरलं जातं. साध्या विधेयकावर दोघांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक, आणि तिथे ५४३ पुढे २४५ कमीच पडतात. अशी बैठक कायद्यासाठी आजवर तीनदाच झाली: १९६१, १९७८ आणि २००२. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठक नाही, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं बहुमत लागतं. तिथे राज्यसभेने नाही म्हटलं की विषय संपला.

आपल्याकडे दर हिवाळी अधिवेशनात निघणारा वेगळ्या विदर्भाचा विषय यातच बसतो. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवीन राज्य करायला संसदेचं साधं बहुमत पुरतं. राष्ट्रपती विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवतात, पण ते मत बंधनकारक नाही. तेलंगणाचं विधेयक २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने नाकारलं होतं, तरी संसदेने ते मंजूर केलं. त्या वेळी आंध्रच्या १८ राज्यसभा जागा ११ आणि ७ अशा वाटल्या. विदर्भ झाला तर महाराष्ट्राच्या १९ चीही तशी वाटणी होईल. तेव्हा मुंबईच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय काही होत नाही, हे म्हणणं घटनेला धरून नाही; अडतं ते दिल्लीत कोणी विधेयक मांडायला तयार नसण्यावर.

राहिला कामाचा भाग. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना सारखाच. लोकसभेचा खासदार तो आपल्या मतदारसंघात वापरतो, राज्यसभेचा निवडून आलेला सदस्य राज्यात कुठेही, नेमलेला सदस्य देशात कुठेही. म्हणजे उमरखेड तालुक्यातल्या सभामंडपासाठी हिंगोलीच्या खासदारांकडे तर जाताच येतं, शिवाय राज्यातल्या राज्यसभेच्या कोणत्याही निवडून आलेल्या सदस्याकडेही. यवतमाळ-वाशीमच्या खासदारांकडे घातलेला अर्ज मात्र बहुधा फाइलीत पडून राहतो. शिफारस खासदार करतो, मंजुरी आणि अंमल जिल्हा प्रशासनाचा, आणि काम उमरखेडला असेल तर कागद फिरून यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच येतो. अर्जासोबत जागा ग्रामपंचायतीची असल्याचा नमुना ८ चा उतारा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. मतदार यादीचाही नमुना ८ असतो, तो हा नव्हे. जागेचा वाद असेल तर तो आधी मिटवा. शिफारस झालेली कामं बहुतेक तिथेच अडकतात.